आयटीआय इलेक्ट्रिशियननंतर आधी काय: अप्रेंटिसशिप, युवा कार्य प्रशिक्षण की डिप्लोमा?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा जालना जिल्ह्यातल्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कोरडवाहू शेती. निकालानंतर काय, यावर तिघांनी तीन सल्ले दिले आहेत. एक म्हणतो कंपनीत अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हणून लावा. दुसरा म्हणतो मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव घाला, महिन्याला आठ हजार मिळतात. तिसरा म्हणतो थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाला टाका. यातलं आधी काय करायचं, आणि एक घेतलं की दुसरं हातचं जातं का?

माझं मत आधी सांगतो. पहिलं वर्ष अप्रेंटिसशिपला द्या. तीही नोंदणीकृत कराराची, 'डेझिग्नेटेड ट्रेड'मधली (म्हणजे काय, ते पुढे सांगतो) आणि शेवटची परीक्षा देऊन पूर्ण केलेली. गणिताची तयारी असेल तर त्यानंतर डिप्लोमा. युवा कार्य प्रशिक्षण ही पहिली दोन्ही दारं बंद असतील तेव्हाची सोय आहे. पैशाच्या दृष्टीने अप्रेंटिसशिप आणि युवा कार्य प्रशिक्षण यांत फारसा फरक नाही. वर्ष संपल्यावर हातात कोणता कागद उरतो, यात फार मोठा फरक आहे आणि त्या कागदाची किंमत पुढची वीस वर्षं लागते.

निकालाच्या आधी

अर्धी अडचण निकालानंतर नव्हे, निकालाच्या आधी तयार होते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पेरणी-काढणीच्या दिवसांत मुलं घरी राहतात आणि शेवटच्या दोन महिन्यांत हजेरी भरून काढायची धावपळ होते. आजच वर्गनिदेशकांकडून हजेरीचा आकडा घ्या.

दुसरं म्हणजे नाव. दहावीचं गुणपत्रक, आधार, आयटीआयच्या पोर्टलवरची नोंद आणि बँक पासबुक या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी हवी. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येक कार्यालयात वेगळी पडतात. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. व्यवसाय प्रमाणपत्र आता ऑनलाइन मिळतं आणि त्यावर पोर्टलवरचं नाव जसंच्या तसं छापून येतं. एकदा प्रमाणपत्र निघालं की दुरुस्तीला संस्था, संचालनालय आणि दिल्ली अशी साखळी लागते. मुलगा संस्थेत शिकत असताना हीच दुरुस्ती कार्यालयातल्या लिपिकाकडे एका अर्जात होते. दहावीचं गुणपत्रक प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या.

तिसरं, बँक खातं. सरकारी योजनेचा पैसा हल्ली अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर जातो. दोन-तीन खाती असतील तर सगळ्यात शेवटी ज्या बँकेने आधार जोडलं तिथे जातो. 'केवायसी झालंय' म्हणजे आधार जोडलं गेलं असं नाही. सरकारी पैसा थेट खात्यावर येण्यासाठी, म्हणजे डीबीटीसाठी, आधार सीडिंग वेगळं करून घ्यावं लागतं. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं की कोणती बँक जोडलेली आहे आणि ती चालू आहे का, हे दिसतं. शून्य शिल्लकीची जुनी खाती व्यवहार नसल्याने बंद पडलेली असतात आणि पैसे तिथून परत जातात. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती, अप्रेंटिसशिपचा सरकारी वाटा, युवा कार्य प्रशिक्षणाचं विद्यावेतन, सगळं याच एका धाग्यावर लटकलेलं असतं.

महाडीबीटीवर दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरला आहे का, तेही पाहून घ्या. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती आली म्हणून दुसऱ्या वर्षी ती आपोआप येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत साधारण ३१ मार्चला संपते. जून-जुलैत जुना दाखला जोडलेले अर्ज परत फिरतात, आणि परत आलेला अर्ज लॉगिन करून बघितल्याशिवाय कळत नाही. संस्थेच्या पातळीवर अडकलेला अर्ज 'अंडर स्क्रुटिनी' असा महिनोन्महिने दिसतो. तेव्हा पोर्टलला दोष देत बसू नका, अर्ज क्रमांक घेऊन संस्थेत जा.

डेझिग्नेटेड आणि ऑप्शनल

अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर तिचे दोन प्रकार झाले आणि मुलं फसतात ती इथेच. डेझिग्नेटेड ट्रेड म्हणजे सरकारने ठरवलेला अभ्यासक्रम आणि शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. सगळे त्याला एनएसी म्हणतात. ऑप्शनल ट्रेड म्हणजे कंपनीने आपल्या गरजेप्रमाणे आखलेलं सहा महिने ते तीन वर्षांचं प्रशिक्षण. तेही कायदेशीर आहे, विद्यावेतनही मिळतं, पण त्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं. असेंब्ली, पॅकिंग, मशीन ऑपरेटर अशा नावांच्या जागा बहुतेक या प्रकारात येतात. इलेक्ट्रिशियनचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र हातात असलेल्या मुलाने असेंब्ली लाइनवर वर्ष घालवलं, तर त्याच्या ट्रेडच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेलं.

म्हणून पोर्टलवर जागा बघताना कंपनीच्या नावाआधी ट्रेडचं नाव आणि प्रकार बघा. 'इलेक्ट्रिशियन, डेझिग्नेटेड' असं दिसलं पाहिजे. आयटीआय उत्तीर्णाला या ट्रेडमध्ये साधारण एक वर्ष करावं लागतं, कारण आयटीआयची दोन वर्षं आधीच जमेस धरली जातात.

विद्यावेतनाचा हिशेबही त्यावरच बसतो. सप्टेंबर २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय प्रमाणपत्रधारकाला किमान ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. दोन वर्षांचा आयटीआय झालेला मुलगा थेट तिसऱ्या वर्षाच्या दराला येतो, म्हणजे ८,०५० रुपये. एक वर्षाचा ट्रेड केलेला, उदाहरणार्थ वेल्डर, ७,७०० ला. सरकारी उपक्रमांच्या जाहिरातींत हे ७,७०० आणि ८,०५० चे आकडे सर्रास दिसतात, ते यामुळे. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ५,००० ते ९,००० ची पट्टी ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. त्यामुळे करार होईल त्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्या. हे किमान आकडे आहेत. चांगल्या कंपन्या याहून जास्त देतात, शिवाय कॅन्टीन आणि बसही देतात, आणि बाहेरगावी राहणाऱ्याला याचाच खरा आधार होतो.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, पण महिना १,५०० रुपयांपर्यंतच, वाटा उचलतं. २०२३ पासून तो कंपनीला न देता थेट मुलाच्या आधार-जोडणी असलेल्या खात्यावर टाकला जातो. परिणामी कंपनीकडून ६,५५० च येतात आणि घरी वाटतं की दीड हजार कापले. ते कापलेले नसतात, दुसऱ्या वाटेने यायचे असतात. पण खातं जोडलेलं नसेल तर ते येतच नाहीत, आणि कंपनी 'आमचा वाटा आम्ही दिला' म्हणून मोकळी होते. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत मिळालं पाहिजे, असा नियम आहे.

जागा कुठे शोधायच्या

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करून आधार पडताळणी, आयटीआयचा तपशील आणि फोटो-सही भरून प्रोफाइल पूर्ण करा. अर्धवट प्रोफाइलवरून अर्जच जात नाही. निकाल लागेपर्यंत थांबू नका, नोंदणी आधी करा आणि निकालानंतर प्रमाणपत्राचा तपशील भरा. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी आयटीआयमध्ये पंतप्रधान राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी मेळावा भरतो. मोठ्या शहरातल्या आयटीआयमध्ये कंपन्या जास्त येतात, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या मेळाव्याला जाणं जालन्याहून सोयीचं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहती तिथेच आहेत.

३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. म्हणजे जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या पोलाद कारखान्यांनाही हे लागू होतं. पोर्टलवर जाहिरात नसली तरी तिथे जाऊन विचारता येतं. रोलिंग मिलमधली वीज देखभाल शिकण्यासारखी असते, पण उष्णता, धूळ आणि पाळ्या यांची मुलाला आधी कल्पना द्या. धोकादायक कामाच्या ठिकाणी वय १८ पूर्ण लागतं. दहावीनंतर लगेच आयटीआय केलेला मुलगा निकालाच्या वेळी जेमतेम अठराचा असतो, तेव्हा जन्मतारीख पाहूनच अर्ज करा.

रेल्वेचा विचार वेगळ्याने करा. रेल्वेतल्या अप्रेंटिसच्या निवडीला सहसा परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण यांच्या सरासरीवर यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के आणि वय १५ ते २४, आरक्षित प्रवर्गांना सवलत. जालना हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं, त्यामुळे सिकंदराबादच्या रेल्वे भरती कक्षाची जाहिरातही बघा. नुसती मुंबईची मध्य रेल्वेची बघून चालणार नाही. जाहिरातीत कोणत्या जिल्ह्यांतले उमेदवार चालतील हे लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. रेल्वेतून अप्रेंटिसशिप पूर्ण करून एनएसी मिळवलेल्यांसाठी लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या पदांच्या, थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. लेखी परीक्षा चुकत नाही, पण स्पर्धा लहान होते. महावितरण, एसटी महामंडळ आणि मुंबईच्या माझगाव डॉकमध्येही इलेक्ट्रिशियनच्या जागा निघतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र लागतं. तिथे अप्रेंटिस राहून लाइनचं काम एक वर्ष जवळून पाहिलेला मुलगा त्या नोकरीत जास्त सुरक्षित राहतो, हे माझं ठाम मत आहे.

एजंटला पैसे देऊ नका. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर उमेदवाराकडून शुल्क घेतलं जात नाही. सरकारी उपक्रमाच्या जाहिरातीत अर्जाचं किरकोळ शुल्क असतं आणि ते त्यांच्याच संकेतस्थळावर भरलं जातं. 'कंपनीत चिकटवून देतो' म्हणून हजारो रुपये मागणारा माणूस बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो आणि मुलगा अप्रेंटिस म्हणून नव्हे, कंत्राटी हेल्पर म्हणून लागतो.

करार हातात आल्यावर

करार पोर्टलवर तयार होतो. त्यावर आस्थापनेची आणि उमेदवाराची सही असते, उमेदवार अठराच्या आत असेल तर पालकांचीही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे या कामाच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदला गेल्यावर त्याला क्रमांक मिळतो. नोंदणी क्रमांक नसलेला करार म्हणजे नुसतं कंपनीचं पत्र. पहिल्या महिन्यातच मुलाच्या लॉगिनमधून करार उतरवून त्याची छापील प्रत घरी ठेवा.

प्रत हातात आली की काही गोष्टी बोट ठेवून वाचा. ट्रेडचं नाव इलेक्ट्रिशियनच आहे का? प्रकार डेझिग्नेटेड आहे का? सुरुवातीची आणि शेवटची तारीख काय? मुलगा १ तारखेला रुजू झाला आणि करार २५ तारखेपासून असेल, तर मधले दिवस कुठेच मोजले जात नाहीत. विद्यावेतनाचा आकडा ७,००० आहे की ८,०५०? काही आस्थापना सवयीने पहिल्या वर्षाचा दर टाकतात, आणि तो सुरुवातीलाच दाखवून दिला तर बदलतो. सहा महिन्यांनी फरकाची रक्कम मिळवणं फार जड जातं. आस्थापनेचं नाव कारखान्याचं आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं? मधली संस्था कायद्याने चालते, पण मग प्रशिक्षण कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे लेखी घ्या.

पगारपत्रकावर भविष्यनिर्वाह निधीची कपात दिसली तर चौकशी करा. कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) लागू नसतात. कपात होत असेल तर बहुधा तो कागदोपत्री कंत्राटी कामगार आहे आणि वर्षअखेरीस परीक्षेचा प्रश्नच येणार नाही. मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणी समोर करू द्या आणि ती लगेच परत घ्या.

काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. अप्रेंटिस कामगार नाही, हे खरं आहे, पण सुरक्षा आणि भरपाईच्या तरतुदी त्याला लागू आहेत. ईएसआय नसल्यामुळे कंपनीने अपघात विमा उतरवला आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय लावता येत नाही.

करार मोडला तर दोन्ही बाजूंना किंमत आहे. मालकाच्या चुकीने मोडला तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाई मिळते. मुलगा मधेच निघून गेला तर प्रशिक्षणाचा खर्च मागितला जाऊ शकतो. म्हणून दिवाळीनंतर न सांगता गैरहजर राहायचं, असं करू नका. जायचंच असेल तर लेखी कळवून करार पोर्टलवर रीतसर संपवून घ्या. नाहीतर पोर्टलवर तो 'चालू'च दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी नवा करार होत नाही.

वर्षभरात काय शिकायला हवं

हे पालकांनाही कळायला हवं, म्हणजे मुलाला महिन्यातून एकदा नेमका प्रश्न विचारता येतो. इलेक्ट्रिशियन अप्रेंटिसने वर्षाच्या शेवटी कंट्रोल पॅनेल उघडून आकृतीवरून दोष शोधता आला पाहिजे. एक कसोटी सांगतो: स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोठी मोटर कमी धक्क्याने सुरू करणारी जोडणी. तीन कॉन्टॅक्टर, एक टायमर, एक ओव्हरलोड रिले आणि मोटरच्या सहा तारा. हे सगळं त्याने वीज बंद असताना स्वतः जोडलं आहे का? स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले जाऊ नयेत म्हणून इंटरलॉक कसा घेतला, हे सांगू शकतो का? ओव्हरलोड रिले कितीवर लावायचा, हे मोटरच्या प्लेटवरून ठरवतो की अंदाजाने? ४१५ व्होल्टच्या मोटरला जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासतो का, आणि एक मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर मोटर चालू न करता वाळवायला घेतो का? आणि सगळ्यात आधी, काम सुरू करताना आयसोलेटरला कुलूप आणि फलक लावतो का? सहा महिने झाले आणि यातलं एकही काम त्याच्या हातून गेलं नसेल, नुसतं दिवे बदलणं आणि केबल ओढणं चालू असेल, तर विभाग बदलून मागायची वेळ आली आहे.

मुलाने एक साधी वही ठेवावी: तारीख, यंत्र, दोष, काय तपासलं, काय सापडलं. परीक्षेची तयारी त्यातूनच होते आणि पुढे मुलाखतीतही 'काय केलंस?' याला उत्तर मिळतं.

तक्रार असेल तर आधी कंपनीच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याकडे, लेखी. तिथे भागलं नाही तर जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, जिथे सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागार बसतात. मात्र केंद्रीय उपक्रम आणि चार किंवा जास्त राज्यांत पसरलेल्या कंपन्या केंद्राच्या अखत्यारीत येतात. त्यांच्यासाठी मुंबईचं प्रादेशिक कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय आहे. जिल्ह्याच्या केंद्राने 'हे आमच्याकडे येत नाही' म्हटलं तर ती टाळाटाळच असेल असं नाही. अर्ज योग्य ठिकाणी वळवा.

आता सगळ्यात जास्त वाया जाणारी गोष्ट. वर्ष पूर्ण होतं, कंपनी अनुभवाचं पत्र देते, मुलगा दुसरीकडे कामाला लागतो आणि व्यवसाय परीक्षेचा अर्ज राहून जातो. परीक्षा दिली नाही तर एनएसी नाही, आणि एनएसी नाही तर सरकारी भरतीत त्या वर्षाचं वजन जवळपास शून्य. परीक्षेचा अर्ज आस्थापनेमार्फत जातो. म्हणून दहाव्या-अकराव्या महिन्यातच प्रशिक्षण अधिकाऱ्याला विचारा की नाव पुढच्या परीक्षेच्या यादीत आहे का. नवी नोकरी लागली तरी परीक्षेचे दिवस सुट्टी मागून घ्या.

कंपनीने वर्षानंतर कायम करावं असं कायद्याचं बंधन नाही. हे घरात सगळ्यांनी आधीच समजून घेतलेलं बरं.

युवा कार्य प्रशिक्षण आणि पंतप्रधान इंटर्नशिप

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचे रहिवासी, शिक्षण चालू नसलेले. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, २०२५ मध्ये ती एकूण ११ महिन्यांपर्यंत वाढवली. नोंदणी महास्वयम या राज्याच्या रोजगार पोर्टलवर. लाभ एकदाच मिळतो. ८,००० आणि ८,०५० ठेवून पाहिले तर पैसा सारखाच. पण इथे एनएसी नाही, आणि सरकारी कार्यालयात रुजू झालेल्या इलेक्ट्रिशियनच्या हाती पक्कड कमी आणि नोंदवही जास्त येते. घरापासून दूर जाणं शक्य नसेल, आईवडिलांचं आजारपण असेल, तर ती जरूर घ्या. अशा वेळी कार्यालयाऐवजी वीज देखभालीचं काम असलेली आस्थापना निवडा, मग तो साखर कारखाना असो, दूध संघ असो की सूतगिरणी.

२०२४ मध्येच प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत १२ महिने, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये अशी रचना ठेवली गेली, वय २१ ते २४. तुमच्या प्रश्नातल्या 'एक घेतलं तर दुसरं जातं का'चं खरं उत्तर इथे आहे: अप्रेंटिसशिप केलेल्याला ही इंटर्नशिप मिळत नाही. पण इलेक्ट्रिशियनसाठी तो तोटा नाही. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही लोक विचारतात. तिच्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत, इलेक्ट्रिशियन नाही. सेवा केंद्रात पैसे घेऊन कोणी त्याचा अर्ज भरून देत असेल तर नको म्हणा.

डिप्लोमा कुठे बसतो

दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मात्र आयटीआयचा अंतिम निकाल आणि या प्रवेशाचं वेळापत्रक बहुतेक वेळा जुळत नाही. निकाल हातात येईपर्यंत फेऱ्या पुढे गेलेल्या असतात. हे रिकामं जाणारं वर्ष अप्रेंटिसशिपला नेमकं पुरतं. पुढच्या उन्हाळ्यात मूळ प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि लागू असेल तर जातीचा दाखला आणि त्या वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर, असं सगळं हातात ठेवून अर्ज करता येतो. अप्रेंटिसशिपची शेवटची तारीख आणि कॉलेज सुरू होण्याची तारीख एकमेकांवर येऊ नयेत म्हणून करार शक्य तितका लवकर सुरू करा.

डिप्लोमात ही मुलं अडखळतात ती गणितावर. प्रात्यक्षिकात ती बारावीहून आलेल्यांच्या कितीतरी पुढे असतात, पण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलंच नसतं आणि दुसऱ्या वर्षी शिक्षक ते येतं असं धरून चालतात. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, निर्देशक भूमिती, मग डेरिव्हेटिव्ह आणि साधं इंटिग्रेशन, एवढं अप्रेंटिसशिपच्या वर्षात रोज तासभर पहिल्या वर्षाच्या डिप्लोमाच्या पुस्तकातून केलं तर पुढची घसरण टळते. सहा महिने करून बघा. मन लागत नसेल तर डिप्लोमाचा आग्रह सोडा. वर्षं आणि फी दोन्ही वाचतील.

डिप्लोमा नको असेल तरी एक काम करून ठेवा. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय असलेल्याला राज्य मंडळाकडून भाषा विषयांची परीक्षा देऊन आणि आयटीआयचे गुण वर्ग करून बारावीची समकक्षता मिळवता येते. मंडळाच्या अर्जात त्याला 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट' म्हणतात. अर्ज बारावीच्या नियमित अर्जांबरोबरच, साधारण पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतात. बारावी मागणाऱ्या सगळ्या भरत्या त्याने खुल्या होतात.

शिकवण्याची आवड असेल तर आणखी एक वाट आहे, ती फार कमी मुलांना ठाऊक असते. एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम, ज्याला सीआयटीएस म्हणतात, तो मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो. आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं तर हे प्रमाणपत्र लागतं. स्वतःची वायरिंगची कामं घ्यायची असतील तर विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीतल्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्री (वायरमन) परवाना काढावा लागतो. त्याच्या अर्जासोबत लागणारा अनुभवाचा दाखला अप्रेंटिसशिप सोडतानाच कंपनीच्या लेटरहेडवर, ट्रेड आणि तारखांसह मागून घ्या. दोन वर्षांनी तिथले अधिकारी बदललेले असतात.